बॅटरी बसली काझीगुंडला, बिघडली भुसावळला

प्रश्न : नमस्कार काका. फैजपूरहून लिहितोय. घरच्या तीन गाड्या आहेत. दोन सुरत-वाशी लाईनला असतात. तिसरी २०१८ची, सहा सिलिंडरची, २४ व्होल्टची. ती हिवाळ्यात रावेरहून केळी घेऊन श्रीनगरला जाते आणि येताना सफरचंद आणते. गेल्या जानेवारीत बर्फामुळे रस्ता बंद झाला आणि गाडी दोन रात्री काश्मीरच्या तोंडाशी काझीगुंडला उभी राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारला तर नुसतं कट्‌कट्. चालकाचा फोन आला, "शेठ, गाडी उठत नही." पंजाबच्या एका गाडीवरून केबल लावून शेवटी चालू केली, पण त्यात निम्मा दिवस गेला. वरच्या थरातली केळी काळी पडली आणि व्यापाऱ्याने भाव पाडला. यंदा रस्ता उघडा असेपर्यंत कारगिलचंही भाडं मिळतंय. बॅटरीवाला म्हणतो, डोळे झाकून १८० एएचच्या टाका. मेहुणे म्हणतात लिथियम घ्या. चालक म्हणतो, इन्व्हर्टरची ट्युब्युलर टाकू, ती मरत नाही. त्या आधीच्या मे महिन्यात भुसावळजवळ एक बॅटरी गेली होती, ती तेव्हाच नवी टाकली. दुसरी तीन वर्षांची आहे. मग ती एकच बदलली तर चालेल का? आणि एका बॅटरीत सारखं पाणी घालावं लागतं, दुसरीत लागत नाही. त्याचा काही संबंध असेल तर तेही सांगा.
– एक गाडीमालक, फैजपूर

उत्तर : भाऊ, संबंध आहे, आणि चांगलाच आहे. म्हणून त्या पाण्यापासूनच सुरुवात करतो. १८० एएच की लिथियम हे मागून बघू.

तुमच्या गाडीत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेत. आता खाली उतरून बघा, केबिनमधला टेप, छोटा पंखा, मोबाइलचा चार्जर, देवापुढची लायटिंग यांची वायर कुठून आलीय. दहातल्या आठ गाड्यांत ती दोन बॅटऱ्यांच्या मधल्या पट्टीवरून घेतलेली असते, कारण हे सगळं सामान १२ व्होल्टचं आणि वायरमनला तिथं १२ व्होल्ट आयते मिळतात. म्हणजे टेप वाजतो तेव्हा फक्त अर्थिंगच्या बाजूची, म्हणजे खालची, एकच बॅटरी उतरते. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा डायनामो, मात्र चार्ज करताना दोघींतून सारखाच करंट ढकलतो, कारण त्या एका ओळीत आहेत. खालची कधीच पूर्ण भरत नाही. वरची आधीच भरलेली असते, तिला जास्तीचं चार्जिंग मिळतं, ती तापते आणि तिच्यातलं पाणी वायू होऊन उडून जातं. तुम्ही जिच्यात सारखं पाणी घालताय ती ही वरची. जी पाणी मागत नाही म्हणून तुम्हाला गुणी वाटते, ती अर्धपोटी आहे. काझीगुंडला तीच बसली असणार.

घरी तपासून घ्या. गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी चावी न लावता मल्टिमीटरने दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे पाव उरली. दोघींमध्ये पाव व्होल्टचा फरक दिसला तर मी म्हणतो तेच झालंय. मग नवी बॅटरी घ्यायच्या आधी २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवा आणि केबिनचं सगळं सामान त्याच्यावर टाका. हे न करता कितीही भारी बॅटरी घेतली तरी रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असंच होईल.

याच कारणाने एकच बॅटरी बदलायला माझा नकार आहे. जुनी आणि नवी एका ओळीत बसवली की जुनी लवकर रिकामी होते, उशिरा भरते आणि तिच्या नादाने नवीचंही मातेरं होतं. मे महिन्यात तुम्ही एक बदललीत, तेव्हाच दुसरी बदलायला हवी होती. जोडी नेहमी एकाच कंपनीची, एकाच मापाची आणि शक्यतो एकाच महिन्यात बनलेली असावी.

आता भुसावळच्या मे महिन्याकडे येतो. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, डांबर पायाला चिकटतं आणि गाडी दिवसभर उन्हात उभी असते. बॅटरी म्हणजे शिसं आणि गंधकाम्ल. गरमीत तिच्या आतली झीज वेगाने होते. ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. प्लेटांमागची जाळी गंजते, पाणी उडतं, प्लेटांचे वरचे कोपरे उघडे पडून सुकतात. हे सगळं उन्हाळ्यात होतं, पण उन्हाळ्यात दिसत नाही. गरम इंजिन, पातळ ऑइल, त्यामुळे अधू बॅटरीसुद्धा सेल्फ फिरवते. ऑक्टोबर-नोव्हेंबरही असाच ढकलला जातो. मग गाडी बनिहालचा बोगदा ओलांडून पलीकडे गेली की सगळं उघडं पडतं आणि आपण थंडीला शिव्या देतो. तुमची एक बॅटरी भुसावळला गेली आणि दुसरी सात-आठ महिन्यांनी काझीगुंडला. दोघी एकाच उन्हाळ्याच्या बळी.

थंडी प्रत्यक्षात काय करते तेही सांगतो, कारण खरेदीचा हिशेब त्यावरच आहे. थंडीत आम्ल आणि प्लेटांमधली रासायनिक क्रिया मंदावते आणि बॅटरीचा आतला अडथळा वाढतो. पूर्ण भरलेली, धडधाकट बॅटरी शून्य अंशाला साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश ताकद देते. उणे १८ ला ती जेमतेम निम्मी उरते. त्याच वेळी इंजिनातलं ऑइल काकवीसारखं घट्ट झालेलं असतं, त्यामुळे इंजिन फिरवायला दुपटीहून जास्त जोर लागतो. देणारा निम्म्यावर आणि मागणारा दुपटीवर. त्यात डिझेल इंजिनाला ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच ते पेटतं. सेल्फ हळू फिरला तर ती उष्णता सिलिंडरच्या थंडगार भिंती पिऊन टाकतात आणि इंजिन फिरत राहतं पण पेटत नाही. त्यामुळे सेल्फ किती वेळ फिरला याला अर्थ नाही, किती जोरात फिरला याला आहे. काझीगुंड-श्रीनगरला २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांची चिल्लई कलां, म्हणजे कडाक्याची थंडी, असते, तेव्हा उणे पाच अंश रोजचेच. कारगिलच्या वाटेवरचं द्रास त्याहून फार पुढचं, कडाक्यात तिथं पारा उणे वीसच्याही खाली जातो. शिवाय वाटेतली झोजिला खिंड साडेतीन हजार मीटरवर, तिथली हवाच विरळ, म्हणजे दाबायलाही कमीच मिळते.

म्हणून बॅटरीवरचा कोणता आकडा बघायचा? तुमचा दुकानदार एएच सांगतोय. एएच म्हणजे आत साठा किती. सेल्फसाठी बघायचा आकडा वेगळा आहे : सीसीए. उणे १८ अंशाला बॅटरी तीस सेकंद किती अँपिअर देऊ शकते आणि तरीही ७.२ व्होल्टच्या खाली जात नाही, तो हा आकडा. विहिरीत पाणी किती ते एएच, आणि पंप एका दमात किती उपसतो ते सीसीए. आपल्याकडच्या बऱ्याच बॅटऱ्यांवर एएच ठळक छापतात आणि सीसीए कोपऱ्यात, किंवा नुसता माहितीपत्रकात. मागून घ्या. दुकानदाराला माहीत नसेल तर कंपनीच्या पत्रकात शोधायला सांगा. आकड्यापुढे नुसतं सीए किंवा एमसीए लिहिलं असेल तर फसू नका. ते शून्य अंशाचं माप असतं आणि त्याच बॅटरीसाठी ते मोठंच दिसतं.

एकाच एएचच्या दोन बॅटऱ्यांचा सीसीए वेगळा असू शकतो. आत पातळ आणि जास्त प्लेटा असल्या की पृष्ठभाग वाढतो आणि एका दमात जास्त करंट निघतो. जाड आणि कमी प्लेटा असल्या की करंट कमी, पण टिकाव जास्त. चालकाची ट्युब्युलर याच कारणाने बाद. ती घरी तासन्‌तास पंखा-दिवा चालवायला केलेली, जाड नळीच्या प्लेटांची. हळूहळू देत राहणं हा तिचा धर्म. सेल्फसारखा एका झटक्यात शेकडो अँपिअर ओढणारा गिऱ्हाईक समोर आला की तिचा व्होल्टेज बसतो, आणि चेसिसची आदळआपटही तिला सोसत नाही. ती मरत नाही हे खरं, पण फक्त घराच्या कोपऱ्यात.

आणखी एक चूक बॅटरीवालेच करतात. "दोन बॅटऱ्या, ७०० आणि ७००, झाले १४००," असं सांगतात. ओळीत जोडल्यावर व्होल्ट वाढतात. सीसीए आणि एएच एकीचेच राहतात. गाडीच्या पुस्तकात जो सीसीए मागितलाय तो प्रत्येक बॅटरीचा हवा. पुस्तकातला आकडा हा किमान समजा. काश्मीर-कारगिलसाठी तुमच्या ट्रेमध्ये मावेल तितका वर जा. सहा सिलिंडरच्या इंजिनाला प्रत्येकी ८०० च्या आसपास किंवा त्याहून जास्त असेल तर मला बरं वाटेल.

मग १८० एएच चूक का? चूक नाही, अर्धवट आहे. रस्ता बंद होऊन दोन-तीन रात्री गाडी उभी राहते, आत जीपीएसचं यंत्र चोवीस तास जागं असतं, चालक अधूनमधून दिवा लावतो, तेव्हा साठा मोठा असलेला कामी येतो. म्हणून एएच मोठा घ्यायला माझी ना नाही. मात्र ती पेटी ट्रेमध्ये नीट बसली पाहिजे, वरून क्लॅम्प घट्ट आवळता आला पाहिजे आणि सीसीएचा आकडा कागदावर दिसला पाहिजे. १५० एएचची चांगल्या सीसीएची बॅटरी आणि १८० एएचची कमी सीसीएची, यात मी पहिली घेईन. ट्रे कापून, तारेने बांधून मोठी बॅटरी बसवलेली दिसते तेव्हा ती घाटातल्या खड्ड्यांत प्लेटा झाडणार हे मी समजून जातो.

मेहुण्यांचं लिथियम मोबाइलला आणि ई-रिक्षाला उत्तम आहे. पण शून्य अंशाच्या खाली लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी चार्ज केली तर आत कायमचं नुकसान होतं, म्हणून तिचं नियंत्रण सर्किट चार्जिंगच तोडतं. आतून गरम करणाऱ्या पट्ट्या बसवलेल्याही मिळतात, पण त्या सर्किटला तुमच्या सेल्फचा झटका सोसला पाहिजे आणि अल्टरनेटरशी जुळलं पाहिजे. एका केळीच्या गाडीसाठी एवढा उद्योग कशाला? घराच्या सोलरला लावा म्हणावं.

एजीएम नावाचा प्रकार कोणी सुचवला तर तो मात्र विचार करण्यासारखा आहे. त्यात आम्ल काचेच्या लोकरीत शोषलेलं असतं, आतला अडथळा कमी, थंडीत झटका चांगला, सांडायची भीती नाही. गाडी वर्षभर लेह-लडाखलाच असती तर मी एजीएमच सांगितली असती. तुमची गाडी मात्र वर्षातले आठ-नऊ महिने तापी खोऱ्यात, मध्य प्रदेशात, राजस्थानात तापते. एजीएममधलं पाणी उडालं तर वरून घालता येत नाही, आणि जास्त व्होल्टेजचं चार्जिंग तिला सोसत नाही. म्हणून तुमच्यासाठी माझी शिफारस साधीच आहे : झाकणं उघडून पाणी घालता येतं अशी, हेवी ड्युटी ट्रकची, जास्त सीसीएची साधी बॅटरी. जोडीने.

आणि ती कधी घ्यायची हे कोणती घ्यायची याच्याइतकंच महत्त्वाचं आहे. तुमच्याकडे तीन गाड्या आहेत, त्याचा फायदा घ्या. नवी जोडी दिवाळीच्या सुमाराला, ऊन उतरल्यावर घ्या आणि ती उत्तरेच्या गाडीत टाका. होळीनंतर काश्मीरचं काम संपलं की ती जोडी तिथंच राहू द्या. पुढच्या दिवाळीला तिची तपासणी करा. लोड टेस्टला, म्हणजे मोठा करंट ओढून बघायच्या चाचणीला, पक्की उतरली तर आणखी एक हिवाळा काढा. जरा जरी मऊ वाटली तर ती सुरत-वाशीच्या गाडीला द्या आणि इकडे नवी घ्या. समुद्रसपाटीच्या गरम हवेत तीच जोडी आणखी वर्ष-दीड वर्ष आरामात काढेल. थोडक्यात, थंडीच्या गाडीत एक उन्हाळा पाहिलेली बॅटरी चालेल, दोन उन्हाळे पाहिलेली नको.

मापं जुळत असतील तरच हे जमेल, म्हणून तिन्ही गाड्यांच्या ट्रेची लांबी-रुंदी-उंची आणि टर्मिनल कोणत्या बाजूला हे आधी कागदावर लिहून ठेवा.

दुकानात गेल्यावर बॅटरीवरचा बनावटीचा महिना वाचून घ्या. भरलेली बॅटरी शेल्फवर नुसती ठेवली तरी उतरत जाते, आणि जळगावच्या पत्र्याच्या दुकानात तर लवकरच. सहा महिन्यांपेक्षा जुना माल नको. कोरडी बॅटरी आणून तिथंच आम्ल भरून देणार असतील तर "भरा आणि बसवा" करू देऊ नका. आम्ल भरल्यावर ते प्लेटांत मुरू द्यायचं आणि मग चार्जरवर पूर्ण चार्ज करायचं. हे पहिलं चार्जिंग चुकवलं की ती बॅटरी जन्मभर अर्धपोटी राहते. गाडीवर लावली की होईल चार्ज, असं सांगणाऱ्याला नमस्कार करून दुसऱ्या दुकानात जा.

चार्ज झाल्यावर हायड्रोमीटर, म्हणजे आम्ल किती दाट आहे ते मोजायची नळी, मागा आणि सहाही घरांचं माप स्वतः बघा. आपल्याकडे गरमीमुळे आम्ल थोडं सौम्य भरतात, १२४०-१२५० दिसेल. काही लोक "थंडीला जाणार, जरा तेज करू" म्हणून वरून ॲसिड घालतात. ते अजिबात नको, प्लेटा खातं. १२५० च्या भरलेल्या बॅटरीतलं पाणी उणे ५० पर्यंत गोठत नाही, तिथं तुमचा चालकही जाणार नाही. धोका उतरलेल्या बॅटरीला आहे. माप १२०० वर आलं की गोठणबिंदू उणे २७ ला येतो, ११५० ला उणे १५, आणि ११०० ला, म्हणजे पार बसलेल्या बॅटरीत, उणे सातला बर्फ. द्रासच्या एका रात्रीत पेटी तडकते. म्हणजे थंडीतला सगळ्यात चांगला विमा पूर्ण भरलेली बॅटरी हाच. डिस्टिल्ड वॉटर घालायचं तेही रात्री गाडी उभी करताना नाही. ते आम्लात न मिसळता वर तरंगतं आणि तिथंच गोठतं. सकाळी निघायच्या आधी घाला, गाडी चालली की मिसळून जातं.

बॅटरी चांगली असूनही करंट सेल्फपर्यंत पोचत नाही, असंही पुष्कळदा असतं. टर्मिनलवर पांढरट-हिरवी भुकटी, केबलच्या टोकाचा लग आतून काळा पडलेला, चेसिसला अर्थिंगची पट्टी जिथं बोल्टने आवळलीय तिथं रंग आणि गंज. आपल्याकडे गरमीत हे खपून जातं. गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून धुवा, पितळी ब्रशने चकचकीत करा, आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. मग एकाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या शिशाच्या पोस्टवर, दुसरी सेल्फच्या मोठ्या बोल्टवर धरावी. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तेवढा जोर केबलमध्येच मरतोय. अर्थिंगच्या बाजूलाही तसंच मोजा. सेल्फ फिरत असताना एकेका बॅटरीवर ९.६ च्या खाली जाता कामा नये. इंजिन चालू झाल्यावर दोघींवर मिळून साडेसत्तावीस ते साडेअठ्ठावीस व्होल्ट यायला हवेत. नाही आले तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघा.

ऑइलबद्दल थोडक्यात. तुमच्या गाडीत बहुधा १५डब्ल्यू-४० आहे. श्रीनगरपर्यंत चालून जातं. कारगिलला नियमित जायचं असेल तर गाडीच्या पुस्तकात परवानगी असलेलं, थंडीत जास्त पातळ राहणारं १०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यूचं ऑइल त्या हंगामापुरतं घाला. बॅटरीवरचा भार जितका याने हलका होतो तितका दुसऱ्या कशाने होत नाही.

आता एक खूणगाठ चालकाला पक्की सांगा. सेल्फ जड फिरतोय किंवा नुसता कट्‌कट् वाजतोय तर बॅटरी, केबल किंवा ऑइल. सेल्फ झकास फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका, डिझेल बघा. थंडीत डिझेलमधलं मेण घट्ट होऊन फिल्टर चोंदतो. रावेरला टाकी फुल्ल करून त्याच डिझेलवर झोजिला चढायचं नाही. टाकी अशा बेताने भरा की जम्मूच्या पुढे गेल्यावर तिथलंच डिझेल टाकीत असेल. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल आणलं, ते पानिपतच्या रिफायनरीत तयार होतं. तिकडे मिळेल तेव्हा तेच भरा. टाकीखाली जाळ करणं, एअर फिल्टरपाशी पेटतं फडकं धरणं, हवेच्या नळीत इथरचा फवारा मारणं, हे प्रकार तिकडे सर्रास दिसतील. तुमच्या इंजिनात हवा गरम करायचा हीटर असेल तर इथरचा फवारा म्हणजे स्फोटाला आमंत्रण. हीटरचा दिवा विझायला किती वेळ थांबायचं ते इंजिनाच्या पुस्तकात दिलेलं असतं. तो विझेपर्यंत सेल्फला हात लावायचा नाही.

सेल्फ मारताना क्लच पूर्ण दाबलेला, दिवे-टेप बंद. दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मग दोन मिनिटं विश्रांती. पुन्हापुन्हा ओढत बसलं की बॅटरीही जाते आणि सेल्फही जळतो. धक्का देऊन किंवा ओढून चालू करू, असा विचार करू नका. तुमच्या गाडीला हवेचे ब्रेक आहेत. टाकीतली हवा रात्रीत उतरली असेल तर मागची चाकं स्प्रिंगने जाम असतात, आणि हवा भरायला इंजिनच लागतं.

दुसऱ्या गाडीवरून केबल लावायची वेळ आली तर ती गाडीही २४ व्होल्टचीच हवी. लाल केबल जोडीच्या बाहेरच्या प्लसला, मधल्या पट्टीला नाही. काळी केबल बंद गाडीच्या चेसिसला, बॅटरीपासून लांब, म्हणजे ठिणगी उडालीच तर वायूपासून दूर उडेल. त्याआधी झाकणं उघडून आत बर्फ झालाय का ते बघायचं, बघताना तोंडात बिडी नको. पेटी फुगलेली किंवा आत बर्फ असेल तर केबल लावायची नाही, चार्जरही नाही. ती फुटून आम्ल तोंडावर उडतं. बॅटरी काढून उबदार खोलीत ठेवा, पूर्ण वितळू द्या, तडा नसेल तरच पुढचं.

रस्ता बंद आहे असं कळलं की पहिल्याच संध्याकाळी बॅटरीची लाइन तोडणारा कट-ऑफ स्विच बंद करायचा. तुमच्या गाडीत नसेल तर बसवून घ्या. पुढे कधी बीएस-६ गाडी घेतलीत तर इंजिन बंद केल्यावर काही मिनिटं थांबून मगच कट-ऑफ करायचा, कारण तिचा पंप नळ्यांमधलं, धूर स्वच्छ करायला लागणारं युरियाचं पाणी मागे खेचत असतो. ते पाणी उणे ११ ला गोठतं. बॅटरीच्या पेटीला वाऱ्याच्या बाजूने जाड रबर शीट किंवा गोणपाट लावा, आणि जमेल तिथं इंजिनाची बाजू भिंतीकडे करून गाडी उभी करा. रस्ता लांबतोय असं दिसलं तर दिवसा, ऊन असताना, इंजिन चालू करून चांगलं तासभर चालवा. पाच मिनिटं चालवून बंद करणं सगळ्यात वाईट. सेल्फने घेतलं तेवढंही परत भरत नाही, कारण थंड बॅटरी चार्जिंगही हळूच घेते.

चालक रात्रभर इंजिन चालू ठेवायचं म्हणेल. डिझेल जातं हा मुद्दा मी सोडून देतो. बर्फात उभ्या गाडीचा सायलेन्सर झाकला गेला तर धूर केबिनमध्ये शिरतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही. कोळशाची सिगडी केबिनमध्ये ठेवून काचा लावण्याचंही तेच. चालक आणि क्लीनरला जाड रजया आणि स्लीपिंग बॅग तुम्ही मालक म्हणून घेऊन द्या, आणि सिगडी केबिनमध्ये न्यायची नाही हे दोघांना समोर बसवून सांगा. केळी १३ अंशांच्या खाली काळी पडतात, म्हणून तुम्ही मालावर ताडपत्री आणि पेंढ्याचे थर लावताच ना? माणसांचंही तेवढंच बघा.

गाडीत मल्टिमीटर, हायड्रोमीटर, दोन जाड केबल, पितळी ब्रश, १३ आणि १७ नंबरचे पाने आणि डिस्टिल्ड वॉटरची बाटली द्या. बाटली केबिनमध्ये ठेवायला सांगा, नाहीतर गोठेल. बॅटरीच्या वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का, विक्रीची तारीख आणि दोन्ही बॅटऱ्यांचे नंबर लिहून घ्या, आणि त्याचा फोटो चालकाच्या मोबाइलवर पाठवा. कार्ड फैजपूरच्या कपाटात आणि बॅटरी जम्मूत बसलेली असेल, तर तिथला डीलर फोटोवरून निदान दाखल तरी करून घेतो.